वगळलेला आलेख

२१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी स्वतःच्या हातानं लिहितो आहे, यावरून काय समजायचं ते तू समजशीलच. अक्षर वेडंवाकडं आलं आहे, पण त्याला कारण हृदय नसून बरगड्या आहेत. आमच्या शिवणकाकूंनी त्यांतल्या तीन मोडल्या.

पोरीनं तुला फोनवर सांगितलं ते तुटक असणार, आणि तू ते अर्धवट ऐकून फोन ठेवला असणार, कारण फोनवर माणसं विचार न करता बोलतात हे तुझं जुनं मत. म्हणून सविस्तर लिहितो. त्या सोमवारी सकाळी साडेदहाला मी कारखान्यात, कागद कापायच्या यंत्रापाशी, नुकत्याच बांधलेल्या एका शब्दकोशाचा कणा तपासत उभा होतो. यंत्राच्या आवाजात फोन ऐकू येत नाही म्हणून गेल्या वर्षी मी भिंतीवर मोठी घंटा बसवून घेतली होती, शाळेत असते तशी. ती बरोबर माझ्या डोक्यावर वाजली. मला एवढंच आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते इस्पितळाचं छत, आणि मध्ये तीन दिवस गेलेले.

मधलं काकूंनी सांगितलं. मी शब्दकोशासकट खाली आलो. त्यांना आधी वाटलं, मी पडलेलं पान उचलतो आहे. मग माझा चेहरा बघून त्यांनी रुग्णवाहिकेला फोन लावला आणि पलीकडची बाई सांगेल तशी माझी छाती दाबत राहिल्या, नऊ मिनिटं. चाळीस वर्षं पुस्तकं शिवून त्यांचे हात लोखंडाचे झाले आहेत. रुग्णवाहिकेतल्या माणसांनी दोनदा विजेचा झटका दिला तेव्हा हृदय पुन्हा चालू झालं. मी काकूंचे आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, की आभार राहू द्या, शब्दकोशाचा कोपरा चेपला आहे, गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते बघा.

आता कारण शोधणं चाललं आहे. हृदयाच्या नळ्यांत रंग सोडून पाहिला, नळ्या स्वच्छ. स्नायू ठीक, झडपा ठीक. बोगद्यासारख्या यंत्रात घालून पाहिलं, तिथंही डाग नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, माणूस वाचला म्हणजे निम्मं काम झालं. हृदय का थांबलं ते कळल्याशिवाय मी तुम्हाला घरी कशी सोडू? त्या तुझ्या विद्यार्थिनी निघाल्या. तुझा उल्लेख होताच नकळत पाठ ताठ करून बसल्या.

त्यांनी पोलिसासारखी चौकशी केली. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं का, कुणाला घेरी यायची का, कुणी पोहता येत असून बुडालं का. मी म्हटलं, आमची मधली बहीण एकोणिसाव्या वर्षी एका सकाळी अंथरुणातच गेली. बाईंनी पेन खाली ठेवलं. मी तेव्हा नऊ वर्षांचा, मला काय ठाऊक! सांगितलं की ताईला विचारतो, ती तेव्हा डॉक्टरकीचं पुढचं शिकत होती आणि तिला सगळं तारीखवार आठवतं. तेव्हा आठवेल ते लिहून पाठव.

पोर रोज डबा घेऊन येते. पाचवा महिना चालू आहे. जिने चढू नको म्हटलं तर ऐकत नाही. डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्याकडे नीट पाहिलं आणि तिचाही हृदयालेख काढायला सांगितला. ते काही मला आवडलं नाही.

तुझी माया आहे तेवढीच असू दे. एकदम वाढली तर सध्या तिचा धक्का मला सोसायचा नाही.

तुझा,
धाकटा


२५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचले. बरगड्यांवर व शब्दकोशावर तू पाऊण पान खर्च केले आहेस, आणि कोणती औषधे घेत होतास याविषयी एक अक्षर नाही. यावरून तू बरा होत आहेस असे दिसते.

औषधांचे मी तुझ्या मुलीकडून काढून घेतले. त्या आठवड्यात तुला खोकला होता. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने दिलेले प्रतिजैविक तू पाच दिवस घेत होतास, त्याने पोट बिघडले होते, आणि पोट बिघडले म्हणून तू जेवत नव्हतास. अशा स्थितीत रक्तातले पोटॅशियम उतरते. आणि ते विशिष्ट औषध हृदयाच्या विद्युत्क्रियेला विलंब लावते. दोन्ही एकत्र आली की जे घडले ते घडू शकते. हे कारण पुरेसे आहे. शास्त्रात पुरेशा कारणापाशी थांबावे; कारणांची हौस करू नये.

मधलीचा विषय तू काढायला नको होतास. तिला फिट येत असे. दोनदा आली होती, एकदा शाळेत तास संपताना आणि एकदा घरी. त्या वेळच्या डॉक्टरांनी तसे निदान करून गोळ्याही दिल्या होत्या. शवविच्छेदनात काही आढळले नाही. फिटने गेलेल्या माणसात पुष्कळदा काही आढळत नाही. बेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नऊ वर्षांच्या मुलाच्या आठवणीवर कोणी निदान उभारू नये.

तुझ्या डॉक्टरीणबाई मला आठवतात. तोंडी परीक्षेत मी त्यांच्यापुढे एक हृदयालेख ठेवला होता. बारा ओळींपैकी अकरा त्यांनी अचूक वाचल्या, आणि बारावी इतरांशी जुळत नाही, म्हणजे चुकीची उमटली असेल, असे म्हणून सोडून दिली. मी त्यांना नापास केले. सहा महिन्यांनी पुन्हा आल्या तेव्हा तयारीने आल्या. त्यांना सांग, की तुमच्या बाईंच्या मते हे प्रकरण औषधाचे आहे आणि ते तिथे संपले. गरोदर मुलीला उगाच घाबरवू नये.

ती भिंतीवरची घंटा मात्र ताबडतोब काढून टाक. गजराचे घड्याळही घरात ठेवू नकोस.

पथ्य पाळशील अशी अपेक्षा आहे. अपेक्षा ठेवणे ही माझी खोड तुला ठाऊक आहे.

तुझी,
ताई


२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरी येऊन महिना झाला. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं यंत्र बसवलं आहे. हृदय पुन्हा भरकटलं तर ते आतूनच झटका देईल. शिवणकाकू म्हणाल्या, बरं झालं, माझे हात मोकळे झाले.

तुझा निरोप डॉक्टरीणबाईंना पत्रासकट वाचून दाखवला. नापास केल्याचा मजकूर मी गाळणार होतो, पण तो किस्सा त्यांनी स्वतःच आधी सांगितला, सगळ्या नव्या डॉक्टरांदेखत, हसत हसत. औषधाचं त्यांना पटलं, पण अर्धंच. औषध ही ठिणगी असेल, म्हणतात; तेच औषध हजारो माणसं खोकत खोकत घेतात आणि कामाला जातात. तुमच्या आत आधीपासून दारूगोळा भरलेला होता का, ते मला बघायचं आहे. मग तुझ्या पत्राच्या शेवटावर बोट ठेवून विचारलं, की औषधाचंच प्रकरण आहे, तर बाईंनी घंटा कशासाठी काढायला सांगितली? ते तूच सांग. घंटा काढली आहे. आता फोन आला की नुसता दिवा लागतो.

त्यांचा संशय असा आहे. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी सज्ज व्हायला ठरावीक वेळ लागतो. काही घराण्यांत हा वेळ जन्मतःच लांबलेला असतो. एरवी माणूस धडधाकट. पण गाढ झोपेत किंवा तंद्रीत असताना एकदम घंटा वाजली, की ठोका भलत्या क्षणी पडतो आणि सगळं विसकटतं. माझ्या पहिल्या आलेखांत हा वेळ लांबलेला होता. पण थांबून पुन्हा सुरू झालेल्या कुठल्याही हृदयात तो काही दिवस लांबतोच, म्हणून तो पुरावा धरत नाहीत. आता तो अगदी सीमेवर आहे. जनुकं तपासली, तर एका जागी बदल सापडला आणि प्रयोगशाळेनं त्यावर शेरा मारला: अर्थ अनिश्चित. म्हणजे पोरीत तोच बदल निघाला तरी त्यावरून काही ठरणार नाही. तिचा हृदयालेख धड सरळ नाही, धड वाकडा नाही.

घराण्यातली एखादी जुनी नोंद मिळाली तर गाठ सुटेल, असं बाई म्हणाल्या आणि मला एकदम आठवलं. तू प्रबंधासाठी कॉलेजात पोरापोरींचे आलेख काढत होतीस तेव्हा मधलीलाही नेलं होतंस. मीही मागे लागून आलो होतो. तू तिच्या मनगटांना पट्टे बांधलेस, ती गुदगुल्या होतात म्हणून हसत सुटली, आणि तू मला बिस्किट देऊन बाहेर बसवलंस. तो आलेख कुठंतरी असेल ना? कॉलेजात, नाहीतर तुझ्या कपाटात? तू तर वाण्याची यादीसुद्धा फेकत नाहीस.

पोरीला सातवा लागला. जावई बोटीवर आहेत, सप्टेंबरशिवाय परतत नाहीत. तिची आई आज असती तर मी एवढा घाबरलो नसतो.

उत्तराची वाट बघतो आहे. रागावली असलीस तरी पाठव, रागासकट.

तुझा,
धाकटा


६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझी आठवण बऱ्याच अंशी बरोबर आहे. बिस्किटे दोन होती.

आलेख उपलब्ध नाहीत. विभाग नव्या इमारतीत गेला तेव्हा जुने कागद निकाली काढण्यात आले. शिवाय मधलीचा आलेख प्रबंधात घेतलेला नव्हता. यंत्रात बिघाड होता आणि ती स्वस्थ पडून राहत नव्हती. सदोष आलेखावरून निष्कर्ष काढणे हे निष्कर्ष न काढण्यापेक्षा वाईट.

घंटेविषयी तुझ्या डॉक्टरीणबाईंनी लावलेला अर्थ ओढूनताणून आहे. मोठा आवाज कोणत्याही आजाऱ्याला अपायकारकच असतो.

या विषयावर मला पुन्हा लिहू नये. प्रकृतीचे मात्र कळवीत जावे.

ताई


११ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

बाबांनी तुझं पत्र घडी घालून खिशात ठेवलं. ते तुला पुन्हा विचारणार नाहीत, कारण तू लिहू नये असं लिहिलं आहेस आणि एक्कावन्नाव्या वर्षीही ते तुझं ऐकतात. मला तू अजून मनाई केलेली नाहीस, म्हणून मी लिहिते आहे.

तुझ्या प्रबंधाची एक प्रत बाबांकडे आहे. कारखाना काढल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं नव्यानं बांधलेलं ते पहिलं पुस्तक, त्याला ते कुणाला हात लावू देत नाहीत. मी लावला. मुद्रितं तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि लेखकाला जे लपवायचं असतं ते तो तळटिपेत घालतो, हे मला लहानपणी तूच शिकवलंस. चौदाव्या पानावर लिहिलं आहे की एकशे वीस जण तपासले. पुढच्या सगळ्या तक्त्यांत एकशे एकोणीस आहेत. एकाहत्तराव्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत: एका व्यक्तीचा आलेख, तीन निरनिराळ्या दिवशी घेऊनही, तांत्रिक दोषामुळे वगळला आहे. पुढे कंसात त्या तीन तारखा. खोटं लिहितानाही तू तारखा गाळल्या नाहीस.

आत्या, त्या तीन तारखांना त्याच यंत्रावर तू आणखी सोळा जणांचे आलेख काढलेस. ते सोळाही तक्त्यांत तारखांसकट आहेत. मी मोजले. सोळा जणांसाठी यंत्र नीट चाललं आणि एकीसाठी तिन्ही दिवस बिघडलं?

तुला खिंडीत गाठायला हे लिहीत नाही. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, की हा दोष असलेल्या बाईला गरोदरपणी धोका कमी असतो आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत जास्त. झोप तुटलेली असते, आणि तान्हं बाळ रडतं ते एकदम रडतं. रोज गोळी घेतली तर धोका पुष्कळ कमी होतो. पण ती काही चघळायची गोळी नव्हे. बाळाच्या वाढीवर, जन्मल्यावर त्याच्या रक्तातल्या साखरेवर आणि ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून नुसत्या संशयावर ती सुरू करायला बाई कचरतात. दोष असून गोळी घेतली नाही तर मी जाऊ शकते. दोष नसताना घेतली तर बाळाला विनाकारण त्रास. मला यातल्या कुठल्याच बाजूला अंदाजानं उभं राहायचं नाही.

मधल्या आत्याचा एकही फोटो आमच्या घरात नाही. तिचं काही विचारलं की आजी उठून आत जायची. ती दिसायची कशी ते मला नको, तिचं हृदय चालायचं कसं ते हवं आहे. असेल तर पाठव. खरंच नसेल, तर तेवढं स्पष्ट लिही, म्हणजे मी टपालाची वाट बघणं सोडेन.

तुझ्यावर अजून हक्क सांगणारी,
भाची


१५ मार्च

चि. धाकट्यास व चि. भाचीस,
अ. उ. आ.

सोबतच्या पाकिटात तीन पट्ट्या आहेत. उघडताना हात कोरडे असावेत. कागद बेचाळीस वर्षांचा आहे. विभागाचे जुने कागद निकाली काढले हे खरे आहे. या पट्ट्या त्या कागदांत नव्हत्या, हे मी लिहिले नाही.

प्रबंधाचा विषय होता निरोगी तरुणांच्या हृदयालेखांची प्रमाणे. ज्या वेळेविषयी तुमच्या डॉक्टरीणबाई बोलत आहेत, ती एकशे एकोणीस जणांत चव्वेचाळीस शतांश सेकंदांच्या आत बसली. मधलीची चौपन्न निघाली. मला वाटले, मोजण्यात चूक झाली. पुन्हा मोजली. मग वाटले, कागद हळू सरकतो आहे. यंत्र तपासून घेतले. ते ठीक होते. तिला पुन्हा बोलावले, चौपन्न. तिसऱ्यांदा बोलावले, त्रेपन्न. माझ्या मार्गदर्शकांना दाखवले असते तर त्यांनी विचारले असते, की ही मुलगी कोण आणि हिला कधी घेरी येते का. परंतु प्रबंध सादर करायला नऊ दिवस उरले होते, आणि माझ्या आकड्यांची रेषा इतकी सुबक आली होती की आमच्या विभागात तशी कोणाची आली नव्हती. एका ठिपक्याने ती बिघडत होती. मी ठिपका काढला.

पहिल्या दिवशी तिला मी सांगितले, की तू हललीस, हसलीस, माझा आलेख नासवलास. ती खरोखर ओशाळली. म्हणाली, ताई, चुकलं माझं, मी परत येते, या वेळी अगदी दगडासारखी पडून राहीन. आणि राहिली. तिसऱ्या पट्टीत एकही थरथर नाही. मी आयुष्यात घेतलेला तो सर्वांत स्वच्छ आलेख आहे.

अकरा आठवड्यांनी ती गेली. तेव्हा मला हे सुचले नाही. माझ्यावर विश्वास ठेवा असे म्हणण्याचा अधिकार मी घालवला आहे, तरीही ते खरे आहे. तीन वर्षांनी, वर्गात शिकवण्याची तयारी करताना, एका नियतकालिकात या दोषाचे वर्णन वाचले: तरुण मुली, फिट समजून दिलेल्या गोळ्या, घंटेच्या आवाजाने येणारी बेशुद्धी, शवविच्छेदनात काही नाही. मी उठले, कपाट उघडले, पट्टी काढली, मोजली, आणि पाकीट पुन्हा बंद केले.

पहिली चूक विद्यार्थिनीची होती. दुसरी डॉक्टरची होती, आणि ती चूक नव्हती. धाकट्या, त्याच आठवड्यात मी तुझा आलेख काढायला हवा होता. तू बारा वर्षांचा होतास. एका बिस्किटावर कुठेही पडून राहिला असतास. मी स्वतःचा तेवढा काढला. तो निर्दोष निघाला. तुझ्यात दोष सापडला असता तर मला तो कसा सुचला हे सांगावे लागले असते, म्हणजे तळटीप, म्हणजे प्रबंध, म्हणजे मधली. मी ठरवले, याला कधी घेरी आली तर बोलू. तुला कधी घेरी आली नाही, आणि न बोलणे दर वर्षी आदल्या वर्षापेक्षा सोपे होत गेले. तू भिंतीवर घंटा बसवलीस हे मला वेळेवर कळते तर मी काय केले असते, हे वाक्य मी चार वेळा लिहून खोडले आहे. मला ते पुरे करता येत नाही.

जुळत नाही म्हणून एक ओळ सोडणाऱ्या मुलीला मी नापास केले होते. तिला वेगळे पत्र लिहिले आहे. वेळ मोजताना तिने दुसरी ओळ घ्यावी. ती सर्वांत स्पष्ट उमटली आहे.

भाचीने गोळी सुरू करावी. हे मत नव्हे, विनंती आहे.

आशीर्वाद वर लिहिलेच आहेत. ते घ्यावेत की नाही हे तुम्ही ठरवा.

ताई


३० मार्च

ती. ताईस,
सा. न.

पट्ट्या पोचल्या. डॉक्टरीणबाईंनी त्या दिव्याखाली धरून मोजल्या आणि पुन्हा एकदा मोजल्या. मग म्हणाल्या, इतका नेटका काढलेला आलेख माझ्या हातात आजवर आला नाही, बेचाळीस वर्षांनीसुद्धा शंकेला जागा राहत नाही. तीन दिवसांचे तीन आलेख, शाळेच्या घंटेला आलेली घेरी, सकाळचा गजर, आणि माझी घंटा. आता प्रयोगशाळेच्या शेऱ्यासाठी थांबायचं कारण नाही, निदान झालं. पोरीच्या रक्तातही तोच बदल निघाला. गोळी सुरू झाली आहे. ती रोज सकाळी स्वतःचे ठोके मोजते आणि वहीत लिहिते, ते मात्र थेट तुझ्यावर गेलं आहे.

बाई म्हणाल्या, की तुमच्या ताईंनी पट्ट्या जपल्या म्हणून हे कळलं. मी मान हलवली.

माझ्यापुरता मला राग नाही. नऊ मिनिटं नव्हतो, आता आहे, त्यात समाधान आहे. मधलीबद्दलही कदाचित राहणार नाही; तू पंचवीस वर्षांची होतीस. पण आई? ते गजराचं घड्याळ मधलीच्या उशाशी आईनं ठेवलं होतं. तू सांगितलंस म्हणून ठेवलं होतं, कारण परीक्षा होती आणि मधली हाकेनं उठायची नाही. त्यानंतर आईनं घरात गजर लावू दिला नाही. तुझ्याकडे आम्ही राहायला आलो की ती तुला विचारायची, की तू डॉक्टर आहेस, खरं सांग, मी तिला झोपू दिलं असतं तर? मी पलीकडच्या खोलीत असायचो. आई जाऊन चार वर्षं झाली, जाईपर्यंत ती विचारत होती. आणि उत्तर तुझ्या कपाटात होतं. तू तिला काय सांगायचीस, ताई? मला तिचा प्रश्न ऐकू यायचा, तुझं उत्तर कधी ऐकू आलं नाही. तू फार हळू बोलायचीस.

हे लिहून झालं. आता दुसरं. मेच्या मध्याला पोर बाळंत होईल. पहिले काही महिने तिला सलग झोप हवी, आणि बाळानं एकदम रडून तिला दचकवता कामा नये, असं बाई सांगतात. जावई बोटीवर. शिवणकाकू कारखान्यात. मी हा असा, यंत्रावरचा माणूस. बाळ रडायच्या आत त्याला उचलेल, एकदाही ढिलाई करणार नाही, असं कुणीतरी हवं आहे. असं माणूस मला एकच ठाऊक आहे. क्षमेबिमेचं मी आत्ता काही सांगू शकत नाही. पण ये.

धाकटा


९ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्याच घरात बसून तुला पत्र लिहिणे हास्यास्पद आहे, हे मला कळते. परंतु मी आल्यापासून आपण दोघे दूध, लंगोट आणि वजन यांखेरीज काही बोललो नाही. आणि तोंडाने उत्तर द्यायला गेले तर मी पुन्हा काहीतरी सफाईदार बोलून जाईन. तू दुपारी जेवायला येशील तेव्हा हे तुझ्या ताटाशेजारी असेल.

तान्ह्या मुलीची साखर आणि ठोके उत्तम आहेत. भाची आज सलग पाच तास झोपली आहे व अजून झोपेत आहे. चोवीस दिवसांत बाळ मोठ्याने रडलेले नाही. काल शिवणकाकू पाहायला आल्या होत्या. त्यांना वाटते की माझ्या धाकाने ही पोर मुकी निघणार. मी त्यांना बसायला सांगितले, आणि तुला वाचवल्याबद्दल आभार मानायचे ठरवले होते ते मानले. त्या म्हणाल्या, की इतक्या महिन्यांनी? मी हो म्हणाले.

आता तुझा प्रश्न. पहिल्या वर्षी मी आईला सांगितले, की अशा मृत्यूंना कारण नसते. त्यानंतर, की फिट झोपेतही येते, घड्याळाचा संबंध नाही. त्याच सुमारास मला कारण कळले, आणि पुढची पस्तीस वर्षे मी तेच उत्तर दिले, फक्त दर वेळी ते अधिक रेखीव झाले. शेवटच्या वर्षी तिला ऐकू कमी येत होते. मी तिच्या कानाशी वाकून म्हणाले, की आई, तुझे काही चुकले नाही. तिला दिलेल्या उत्तरांपैकी तेवढे एक वाक्य खरे होते. त्याला जोडून आणखी एक हवे होते, की चुकले ते माझे. ते मी म्हटले नाही. आईने बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाली, की तू माझी समजूत घालतेस. खरे सांगूनही तिला ते खरे वाटले नाही, कारण त्याचा पुरावा मी दाखवत नव्हते.

तुला ऐकू येत नव्हते ते हे. याहून चांगले लिहिता येत नाही, आणि येत असते तरी लिहिले नसते.

बाळाने मान डावीकडे वळवली आहे. आता मूठ तोंडाकडे जाईल. त्यानंतर साधारण चाळीस सेकंद मिळतात. उठते.

ताई